हिडकलच्या पाण्यावरील बोटीचे स्टिअरिंग फार जड झाले आहे : दोष नेमका कोठे शोधावा?

घटप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. हिडकल जलाशयाच्या फुगवट्यावर आम्ही काही मित्र मिळून एक छोटी फायबरची बोट चालवतो. लांबी सुमारे १७ फूट, मागे ६० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, आणि स्टिअरिंग साध्या केबलचे आहे. बोट मूळची गोव्याच्या किनाऱ्यावरची असल्यामुळे तिची पहिली काही वर्षे खाऱ्या पाण्यात गेली आहेत. या पावसाळ्यात ती हुक्केरीजवळच्या एका शेडमध्ये ट्रेलरवर उभी होती. आता बाहेर काढली तेव्हा चाक दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय वळत नाही, आणि डावीकडच्या शेवटच्या टप्प्यात तर ते जवळजवळ अडते.

एका दुकानदाराने केबल पूर्ण बदलण्यास सांगितले. एका परिचितांचे मत असे की आता हायड्रॉलिक स्टिअरिंगच बसवावे. दोन्ही खर्चिक आहेत, आणि दोघांपैकी कोणीही बोट पाहिलेली नाही. दोष चाकामागच्या गिअरमध्ये आहे, केबलमध्ये आहे की इंजिनात, हे खर्च करण्याआधी कळण्याचा काही मार्ग आहे का? बोटीत घरची मुले बसतात, त्यामुळे आहे तसे चालवून घेणे मला मान्य नाही.

सीमाभागकर

इंजिनाच्या ब्रॅकेटवर ग्रीसचे निपल, म्हणजे ग्रीस आत भरण्याची छोटी तोंडे असतात. ग्रीस गनने त्यात भरपूर ग्रीस भरा आणि चाक दोन्ही बाजूंना फिरवत राहा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होते.

टिळकवाडी

सीमाभागकर यांचा उपाय शेवटी कदाचित योग्यही ठरेल, परंतु मूळ प्रश्न दोष कोठे आहे हा आहे, आणि त्याचे उत्तर ग्रीस भरून मिळत नाही. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या बोटीत चाकापासून इंजिनापर्यंत तीन स्वतंत्र भाग आहेत. पहिला भाग म्हणजे चाकामागचा गिअर. दुसरा म्हणजे केबल. तिच्या टोकाला स्टीलचा दांडा असतो आणि तो इंजिनाच्या आडव्या टिल्ट ट्यूबमधून आरपार जातो. तिसरा म्हणजे इंजिन ज्या उभ्या पिनवर डावी-उजवीकडे वळते ते स्विव्हल. दांड्याचे टोक आणि इंजिनाचा हात यांना जोडणारी एक छोटी लिंक असते. चाचणीची सुरुवात त्या लिंकपासून करावी.

इंजिनाची किल्ली काढून घ्या, ट्रेलरच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावा आणि लिंकचा इंजिनाकडचा बोल्ट सोडवा. आता चाक फिरवा. चाक हलके फिरले, तर केबल आणि गिअर निर्दोष आहेत आणि दोष इंजिनाच्या स्विव्हलमध्ये आहे. चाक पूर्वीइतकेच जड राहिले, तर दोष केबलमध्ये, टिल्ट ट्यूबमध्ये किंवा गिअरमध्ये आहे. त्या परिस्थितीत दांडा टिल्ट ट्यूबमधून बाहेर ओढून चाक पुन्हा फिरवावे. चाक तेव्हा हलके झाले, तर दांडा ट्यूबमध्ये धरला जात होता. तेव्हाही जड राहिले, तर केबल चाकामागून सोडवावी आणि नुसता गिअर फिरवून पाहावा.

दुसरी चाचणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. लिंक सुटलेली असतानाच इंजिन हातांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. ६० अश्वशक्तीचे इंजिन दिसायला अवजड असले तरी स्विव्हल चांगले असेल तर ते एका हाताने सहज वळले पाहिजे. पाय रोवून ढकलावे लागले, तर केबल नवी आणली तरी चाक जडच राहील.

कृष्णातीर

टिळकवाडी सरांच्या सूचनेत एक भर घालतो. काही इंजिनांवर स्विव्हलपाशी घर्षण कमी-जास्त करण्याचा स्क्रू किंवा छोटी कळ असते. हाताच्या दांडीने चालवायच्या इंजिनासाठी तो आवळलेला ठेवतात, कारण दांडी सोडल्यावर इंजिन आपोआप वळू नये. चाकाचे स्टिअरिंग असेल तर तो पूर्ण सैल असला पाहिजे. लिंक सोडण्याआधी एकदा तेवढे पाहून घ्यावे.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या चिकोडी भागात मदतीला आलेल्या रबरी बोटी दांडीच्याच होत्या. त्या बोटींमध्ये केबल नसतेच, म्हणून जडपणाच्या जागा दोनच असतात : हा स्क्रू, नाहीतर स्विव्हल. काही महिने कोरड्यात उभे राहिलेले इंजिन ऐन पुरात वळेनासे झाले तर बोटीतल्या माणसांचे काय होईल, याचा विचार त्या दिवसांत मनातून जात नव्हता. तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर इंजिन हाताने वळवून पाहण्याची सवय मी आमच्या गावातल्या मुलांना लावली आहे.

मांडवीपार

मी मूळचा खानापूरचा. सध्या पणजीत बोटींच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि हे काम माझ्या रोजच्या हातातले आहे. समुद्रावर चालून नंतर गोड्या पाण्यात गेलेल्या बोटींमध्ये ही तक्रार हमखास आढळते, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

स्विव्हलचे ब्रॅकेट अॅल्युमिनिअमचे असते आणि आतली पिन स्टीलची. मीठ आणि ओल मिळाली की या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनिअमवर पांढरी पूड धरते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. त्यामुळे मधले प्लास्टिकचे बुश (पिनभोवतीच्या छोट्या नळ्या) चहूबाजूंनी दाबले जातात आणि पिन आवळली जाते. त्यात जुने ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झालेले असते. बोट चालू असते तोवर सततच्या हालचालीमुळे हे सारे कसेबसे सैल राहते, परंतु एका जागी चार महिने उभी राहिली की पकड बसते. म्हणूनच अशी तक्रार पावसाळा संपल्यावर येते.

आता सीमाभागकर यांच्या उपायाविषयी एक गंभीर इशारा द्यावासा वाटतो. स्विव्हलच्या निपलमध्ये ग्रीस भरायला काहीच हरकत नाही. परंतु टिल्ट ट्यूबवर किंवा केबलच्या टोकावर निपल असेल, तर त्यात ग्रीस भरण्यापूर्वी चाक फिरवून दांडा ट्यूबच्या आत पूर्ण ओढून घेतलाच पाहिजे. दांडा बाहेर असताना ग्रीस भरले, तर ते आतल्या पोकळीत कोंडते. मग दांडा परत येताना त्या ग्रीसला जायला वाट उरत नाही आणि स्टिअरिंग जागच्या जागी अडकते. पाण्यात वेगात असताना असे झाले तर बोट वळवताच येत नाही. इंजिन उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये हा इशारा ठळक अक्षरांत छापलेला असतो, तरीही असे अडकलेले स्टिअरिंग घेऊन लोक आमच्याकडे येतात.

सीमाभागकर

ही गोष्ट मला नवीन आहे. लिहिल्याबद्दल आभारी आहे. आमच्या भावाच्या बोटीला टिल्ट ट्यूबवर निपल आहे, त्याला आजच कळवतो.

निपाणीवाला

केबल जड असेल तर ती टाकून देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. मोटारसायकलच्या क्लच केबलमध्ये आपण वरच्या टोकाला फनेल बांधून तेल सोडतो आणि ती पुन्हा हलकी होते. बोटीची केबलही त्याच तत्त्वावर चालते. बाहेरच्या प्लास्टिकला एका जागी बारीक छिद्र पाडून तेल सोडले आणि नंतर छिद्र बुजवले, तर निदान एक हंगाम तरी निघेल. सगळ्यांनाच नवी केबल लगेच परवडत नाही आणि ती आपल्याकडे सहज मिळतही नाही.

मांडवीपार

निपाणीवाला साहेब, खर्चाची आणि मिळण्याची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. तरीही छिद्र पाडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

क्लचची केबल केवळ ओढते. बोटीची केबल ओढते तशी ढकलतेही, त्यामुळे तिची आतली तार जाड असते आणि बाहेरच्या नळीत अगदी नेमकी बसलेली असते. कारखान्यातच तिच्यात वंगण भरून तोंडे बंद केलेली असतात. ती आतून जड झाली याचा अर्थ पाणी आत शिरले आहे आणि तार गंजली आहे. तेलाने गंज क्षणभर ओला होतो, चाक काही दिवस हलके वाटते आणि आपला विश्वास बसतो. परंतु गंजलेली तार तेवढीच राहते आणि पाडलेल्या छिद्रातून आणखी पाणी आत जाते. क्लचची केबल तुटली तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते. स्टिअरिंगची केबल तुटली तर बोट थांबत नाही, ती ज्या दिशेला असेल त्या दिशेला जात राहते.

केबल खराब असल्याची बाहेरून दिसणारी चिन्हे पुढीलप्रमाणे आहेत. बाहेरचे आवरण कोठे फुगलेले किंवा तडकलेले असते, त्यातून गंजाचा तांबूस डाग आलेला असतो, किंवा टोकाचा दांडा खडबडीत होऊन त्याला खड्डे पडलेले असतात. यांतले एक जरी दिसले तर केबल बदलावी. आणि बदलताना जुन्या केबलच्या आवरणावर छापलेला क्रमांक जपून लिहून घ्यावा, कारण लांबी बहुधा त्यातच फुटांमध्ये दिलेली असते.

निपाणीवाला

ढकलण्याचा मुद्दा पटला. छिद्राची सूचना मी मागे घेतो. परंतु टोकाचा दांडा टिल्ट ट्यूबमध्येच धरला असेल आणि केबल आतून चांगली असेल, तर ती वाचवता येईल ना?

मांडवीपार

निश्चित वाचवता येईल, आणि अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. ट्यूबच्या दोन्ही तोंडांना गंज सोडवणारे तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. नंतर दांड्याच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकावे. हातोडा थेट दांड्यावर मारू नये, टोक पसरले तर ते ट्यूबमधून बाहेर येत नाही. दांडा निघाला की ट्यूब गोल तारेच्या ब्रशने आरपार घासून, कापडाने पुसून, आतून समुद्री वापराचे ग्रीस लावावे. हा दांडा सर्वसाधारणपणे पाच अष्टमांश इंच जाडीचा असतो, त्या मापाचा ब्रश घ्यावा. त्याच्या सर्वांगाला सारखे ग्रीस लावून तो परत आत घालावा. बोटीच्या मागच्या खाचेत दांडा आडवा ओढायला जागा आहे का, हे मात्र आधी पाहावे. जागा नसेल तर इंजिन उचलावे लागते, आणि ते काम घरी करू नये.

जांबोटी

एवढे सगळे करण्यापेक्षा हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवले तर प्रश्न कायमचा मिटणार नाही का? बेळगावात हायड्रॉलिकची कामे जाणणारे कारागीर कमी नाहीत.

टिळकवाडी

कारागीर आहेत, याविषयी दुमत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर तयार करणारे आणि दुरुस्त करणारे हात पिढीजात आहेत. परंतु या बोटीला त्याची गरज आहे का, हे आधी ठरवावे लागेल. ६० अश्वशक्तीच्या एका इंजिनाला चांगल्या अवस्थेतील केबल पुरेशी असते. मोठ्या शक्तीच्या इंजिनांना, विशेषतः १५० अश्वशक्तीच्या पुढे, हायड्रॉलिकच घ्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्विव्हल घट्ट असताना हायड्रॉलिक बसवले, तर दोष नाहीसा होत नाही, तो केवळ हाताला जाणवेनासा होतो. पंप तो जोर आपल्या वतीने लावत राहतो आणि सारा ताण सिलिंडरच्या दांड्यावर, सीलवर आणि ब्रॅकेटवर येतो. इंजिन हाताने मोकळे वळत नसेल, तर कोणतेही नवे स्टिअरिंग बसवण्याआधी ते मोकळे करणे अनिवार्य आहे.

नवीलतीर्थ

हायड्रॉलिकचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. सौंदत्तीजवळ रेणुकासागर जलाशयावर आमच्या परिचितांची बोट आहे. हायड्रॉलिक असूनही तिचे चाक अलीकडे जड झाले आहे. तेल कमी झाले होते म्हणून कोणीतरी मोटारीचे ब्रेक ऑइल ओतले. त्याचा या जडपणाशी संबंध असेल का?

मांडवीपार

संबंध असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि ती बोट तूर्त पाण्यात नेऊ नये अशी विनंती आहे. या यंत्रणेतील सील खनिज तेलासाठी तयार केलेले असतात. ब्रेक ऑइल वेगळ्या रसायनाचे असल्यामुळे त्याने हे सील फुगतात आणि मऊ पडतात. फुगलेले सील दांड्याला धरून ठेवतात, म्हणून चाक जड होते. पुढे तेच सील फाटतात आणि तेल गळते. उत्पादक ज्या तेलाची शिफारस करतात ते पातळ हायड्रॉलिक तेल असते, बहुधा आयएसओ व्हीजी १५ वर्गाचे (हा वर्ग तेलाचा दाटपणा दाखवतो). जाड तेल घातले तरीही चाक जड होते, थंडीत तर अधिकच.

आता केवळ तेल बदलून भागणार नाही. ते सर्व काढून, यंत्रणा योग्य तेलाने धुऊन, सील तपासावे लागतील. आणि तपासणी करतानाही सिलिंडर इंजिनापासून सोडवून इंजिन हाताने वळवून पाहावेच. चाक जड न होता स्पंजासारखे दबत असेल आणि इंजिन उशिरा वळत असेल, तर तो वेगळा दोष आहे. तेव्हा यंत्रणेत हवा शिरलेली असते.

नवीलतीर्थ

आभारी आहे. निरोप लगेच देतो.

घटप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सांगितल्याप्रमाणे चाचण्या केल्या, त्याचा वृत्तान्त देतो.

घर्षणाचा स्क्रू आमच्या इंजिनावर नाही. लिंक सोडल्यावर चाक एका हाताने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी हलके फिरले. दांडा पुसून पाहिला तर तो चकचकीत आहे, त्यावर केवळ वाळलेले ग्रीस होते. केबलचे आवरण कोठेही फुगलेले नाही. म्हणजे दुकानदार जी केबल बदलायला सांगत होता ती उत्तम अवस्थेत आहे.

इंजिन मात्र हाताने वळता वळत नाही. दोघांनी ढकलल्यावर ते हलले, आणि डावीकडच्या शेवटाला जास्त अडते. स्विव्हलला पुढच्या बाजूने दोन निपल आहेत. वरच्यात ग्रीस जाते, खालच्यात अजिबात जात नाही. ग्रीस गनच्या तोंडातूनच ते बाहेर येते. आता पुढे काय करावे?

उद्यमबाग_लेथ

खालचे निपल पान्याने काढून टाका. ते तुंबले असण्याची शक्यता अधिक. नवे घेताना जुने सोबत न्यावे, कारण इंची आणि मिलिमीटरचे आटे दिसायला सारखे असतात आणि चुकीचे निपल अॅल्युमिनिअममध्ये जोराने बसवले तर आटे कायमचे जातात.

निपल काढल्यावर नवे लगेच लावू नका. त्या भोकातले कडक ग्रीस तारेने उकरून काढावे आणि त्यातूनच गंज सोडवणारे तेल आत सोडावे. इंजिन थोडे थोडे वळवत राहावे, पुन्हा तेल सोडावे, रात्रभर राहू द्यावे. ब्रॅकेटला ऊब दिली तर वाळलेले ग्रीस लवकर सुटते, परंतु आतले बुश प्लास्टिकचे असतात आणि जवळच पेट्रोल असते, त्यामुळे ज्योतीचा दिवा कदापि वापरू नये. उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी ब्रॅकेटभोवती गुंडाळली तरी पुरेशी ऊब मिळते. पेट्रोलची टाकी तत्पूर्वी बोटीतून उतरवून ठेवावी.

इंजिन मोकळे वळू लागले की नवे निपल लावून ग्रीस भरावे, आणि ते एका दमात न भरता इंजिन सतत डावी-उजवीकडे वळवत भरावे. वर आणि खाली दोन्ही तोंडांतून आधी काळे, मग तांबूस आणि शेवटी नवे स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबू नये.

ग्रीसविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे ऊसवाल्या प्रत्येक घरी ट्रॅक्टरचे ग्रीस असते आणि हात आपोआप त्याच डब्याकडे जातो. ते पूर्ण निरुपयोगी नाही, परंतु पाण्यात ते टिकत नाही. समुद्री वापराचे, पाण्याने न धुपणारे ग्रीस आणावे. काळे ग्रॅफाइटचे ग्रीस तर येथे मुळीच नको, कारण ग्रॅफाइटमुळे दोन धातूंमधली ती क्षरणाची क्रिया आणखी वाढते. आणि निरनिराळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की कधी पातळ होऊन वाहून जातात, कधी घट्ट होतात. म्हणून जुने बाहेर येईपर्यंत भरण्याचा आग्रह धरतो आहे.

जांबोटी

समजा एवढे करूनही मोकळे झाले नाही, तर बुश उद्यमबागेत करून मिळतील का?

उद्यमबाग_लेथ

करून मिळतील, परंतु पहिली पसंती मूळ बुशांनाच द्यावी. त्यांचे माप कारखान्याने पाण्याचा विचार करून ठरवलेले असते. नायलॉन पाणी शोषते आणि फुगते. लेथवर कोरड्या नायलॉनचा बुश अगदी नेमक्या मापात कातला, तर तो बसवताना सुरेख बसतो आणि पाण्यात काही काळ राहिला की पिनला पुन्हा आवळतो. म्हणजे ज्या दोषासाठी खर्च केला तोच दोष नवा होऊन परत येतो. मूळ बुश मिळतच नसतील तर नायलॉनऐवजी अॅसिटल नावाचे प्लास्टिक घ्यावे, ते पाणी फार कमी शोषते, आणि कातताना पिनसाठी योग्य मोकळीक सोडावी. बुश बदलायला पिन बाहेर काढावी लागते, त्यासाठी इंजिन साखळीवर टांगावे लागते. हे काम ज्याने आधी केले आहे अशा मेस्त्रीकडेच द्यावे.

घटप्रभाकाठ

खालचे निपल काढले, आत ग्रीस अक्षरशः दगडासारखे झाले होते. उद्यमबाग_लेथ यांनी सांगितले त्याच क्रमाने तेल, गरम फडकी आणि हलवणे असे सुरू ठेवले. आधी इंजिन करकरत हलले, नंतर करकर थांबली. नवे निपल लावून ग्रीस भरले तेव्हा पांढरी पूड मिसळलेला काळा लगदा बराच वेळ बाहेर येत राहिला, आणि अखेर स्वच्छ ग्रीस दिसले. आता इंजिन एका हाताने वळते. बुशांपर्यंत जावे लागले नाही, याचा फार आनंद आहे.

एक गोष्ट तेवढी उरली आहे. लिंक अजून जोडलेली नाही, तरी डावीकडच्या शेवटच्या काही अंशांत इंजिन अडल्यासारखे होते आणि सोडले की थोडे परत येते.

मांडवीपार

सोडल्यावर परत येते, हे वाक्य महत्त्वाचे आहे. गंज किंवा घट्ट बुश असेल तर इंजिन जेथे सोडाल तेथेच थांबते. परत येत असेल तर काहीतरी ताणले जात आहे आणि तेच इंजिनाला मागे ओढत आहे. इंजिनाकडे जाणारा वायरींचा, पेट्रोलच्या नळीचा आणि गिअर-थ्रॉटलच्या केबलींचा जो जुडगा असतो तो पाहा. इंजिन डावीकडे पूर्ण वळवून धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी त्या जुडग्यावर हात ठेवायला सांगा.

तसेच स्टिअरिंगची केबल बोटीच्या कडेने कशी आली आहे तेही पाहावे. तिला कोठेही सुमारे आठ इंच त्रिज्येपेक्षा लहान वळण असू नये. तसे वळण असेल तर चांगली केबलही लवकर झिजते.

घटप्रभाकाठ

मांडवीपार, आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. जुडगा मागच्या फळीला प्लास्टिकच्या पट्टीने फार आखूड बांधलेला होता, त्यामुळे डावीकडे वळताना तो तारेसारखा ताठ होत असे. पट्टी कापून, इंजिन दोन्ही टोकांना नेऊन, पुरेशी ढील ठेवून तो पुन्हा बांधला. इंजिन वर उचलूनही पाहिले, कोठे ओढ बसत नाही. बॅटरीची पेटी स्टिअरिंगच्या केबलला एका जागी दाबत होती, तीही थोडी सरकवली.

लिंक जोडून बोट पाण्यात उतरवली. चाक आता एका हाताने वळते. एकच शंका आहे. वेग वाढवला की चाक उजवीकडे जाऊ पाहते, आणि डावीकडे वळवायला उजवीपेक्षा अधिक जोर लागतो. हा आधीच्याच दोषाचा उरलेला भाग आहे का?

कृष्णातीर

नाही, हा घर्षणाचा दोष नाही. घर्षण दोन्ही बाजूंना सारखे जाणवते आणि बोट उभी असतानाही जाणवते. केवळ वेगात आणि केवळ एका बाजूला जाणवते ती पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याने निर्माण होणारी ओढ असते. उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याची बोट, विशेषतः इंजिन आत झुकवलेले असताना, उजवीकडे ओढते.

आधी इंजिनाचा झुकाव थोडा बाहेर करून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर पंख्याच्या वर, आडव्या पाटीच्या खाली एक छोटे पाते असते, त्याकडे वळा. त्याचा बोल्ट किंचित सैल करून, चाक ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला पात्याची मागची कड थोडी वळवावी. तुमच्या बाबतीत ती उजवीकडे जाईल. एका वेळी अगदी थोडे वळवावे, बोल्ट घट्ट करावा आणि नेहमीच्या वेगात पाहावे. हे पाते अनेक इंजिनांत क्षरणापासून रक्षण करणारे ॲनोडही असते, म्हणून त्याला रंग लावू नये.

टिळकवाडी

एक गोष्ट अद्याप कोणी विचारलेली नाही, ती मला विचारलीच पाहिजे. लिंक परत जोडताना कोणते नट वापरले?

घटप्रभाकाठ

जुनेच, नायलॉनची कडी असलेले. ते हाताने बरेचसे फिरत होते, पान्याने आवळून घेतले.

टिळकवाडी

मग बोट पुन्हा पाण्यात नेण्याआधी ते बदलावेत, ही कळकळीची विनंती आहे. नायलॉनची कडी आट्यांना धरून ठेवते, म्हणूनच इंजिनाच्या थरथरीने नट सुटत नाही. हाताने फिरणाऱ्या नटाची ती पकड संपलेली असते, मग तो कितीही आवळला तरी. दुकानातला साधा नट त्याजागी चालत नाही. लिंक सुटली तर चाकाचा इंजिनाशी संबंधच उरत नाही. इंजिन उत्पादकाने दिलेलेच नट घ्यावेत आणि त्याच्या पुस्तिकेप्रमाणे आवळावेत. अनेक इंजिनांत केबलच्या दांड्याकडचा नट पूर्ण बसेपर्यंत आवळून मग पाव फेरा सैल करायचा असतो, कारण लिंक तेथे फिरती राहिली पाहिजे. तो जोड करकचून आवळला तर स्टिअरिंग पुन्हा जड वाटेल.

घटप्रभाकाठ

नट आजच मागवतो. ते येईपर्यंत बोट ट्रेलरवरच राहील. पात्याचे कामही त्यानंतरच करू. मांडवीपार, एक शेवटचा प्रश्न : आता बोट उभी ठेवताना चाक कोणत्या बाजूला वळवून ठेवावे?

मांडवीपार

ज्या बाजूला वळवल्यावर केबलचा दांडा टिल्ट ट्यूबच्या आत पूर्ण जातो, त्या बाजूला. बाहेर राहिलेल्या दांड्यावर धूळ आणि दव बसते, आणि पहिल्याच वळणाला ते सारे ट्यूबमध्ये ओढले जाते. आठवड्यातून एकदा शेडमध्ये जाणे होत असेल तर इंजिन एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पुन्हा त्याच स्थितीत ठेवावे.